बेवारस मिळकत ब्रिटिश राजगादीकडे कशी जाते?

इंग्लंडमध्ये ज्या मिळकतीचा कोणी धनी उरला नाही, ती राजगादीची होते. तेथे नातेवाईक किंवा कंपनी असलेल्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या माहितीसाठी हा नियम आम्ही थोडक्यात देत आहोत.

पहिला प्रकार वारस नसल्याचा. १९२५ च्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता कोणी वारल्यास पती-पत्नी, मुले, आईबाप, भावंडे, आजी-आजोबा, मग काका-मामा, आत्या-मावशी व त्यांची मुले असा साधारण क्रम लागतो. यांपैकी कोणीच नसल्यास सर्व मिळकत राजगादीकडे जाते. येथे एक धोका आहे. इंग्लंडमध्ये केवळ निकाह झाला आणि सरकारी नोंद नसली, तर २०२० च्या अपील कोर्टाच्या निकालाप्रमाणे तो कायदेशीर विवाह ठरत नाही. अशा विधवेला पत्नी म्हणून आपोआप वारसा मिळत नाही. कोर्टात किंवा सरकारकडे अर्ज करीत बसावे लागते.

दुसरा प्रकार कंपनीचा. वार्षिक हिशेब सादर झाले नाहीत, तर रजिस्ट्रार नोटिसा देऊन कंपनीचे नाव पटावरून काढू शकतो. कंपनी बरखास्त होताच तिच्या नावावरचे दुकान, बँकेतील शिल्लक, येणी, ट्रेडमार्क सारे राजगादीचे होते. भागधारकांना ते वाटून घेता येत नाही. कंपनी पुन्हा पटावर आणण्यासाठी साधारणतः ६ वर्षांची मुदत असते. लँकेस्टर व कॉर्नवॉल या डचींच्या हद्दीतील मिळकत मात्र त्या त्या डचीकडे जाते. डोईजड झालेली मिळकत राजगादी नाकारूही शकते.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम २९६ प्रमाणे, पूर्वी राजाकडे जाणारी बेवारस मिळकत आता ती ज्या राज्यात असेल त्या राज्य सरकारकडे जमा होते. मुस्लिम कायद्याप्रमाणे वारस असताना त्यांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाहून अधिक वसीयत चालत नाही. वारस मुळीच नसल्यास मात्र संपूर्ण मिळकतीची वसीयत करता येते, आणि सरकार वारस या नात्याने ती अडवू शकत नाही.

तेव्हा वसीयत लिहून ठेवावी, निकाहाची सरकारी नोंद करावी आणि कंपनीचे हिशेब मुदतीत भरावेत, हेच आमचे सांगणे. आयुष्यभराची कमाई कागदाअभावी सरकारजमा होऊ नये.