बोअरचं पाणी आणि घरातले क्षार

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या कुटुंबाला पाण्याचा जडपणा बहुधा आधी कुकरमध्ये कळतो. एरवी तीन शिट्ट्यांत मऊ होणारी तुरीची डाळ पाच शिट्ट्यांनंतरही कणीदार राहते. मग एकेक तक्रार सुरू होते. साबणाला फेस येत नाही, धुतलेले केस राठ होतात, स्टीलच्या पेल्यांवर पांढरे डाग पडतात, शॉवरची भोकं बुजतात. धरणाचं पाणी पोचलेलं नाही आणि सगळी मदार बोअर व टँकरवर आहे, अशा शहराबाहेरच्या सोसायट्यांत हे दुखणं घरोघरी आहे.

मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा धरणांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी मिळतं. ते मुख्यतः पावसाचं, जमिनीवरून वाहत आलेलं, म्हणून मृदू असतं. बोअरच्या पाण्याचा प्रवास वेगळा. मातीतून झिरपताना ते कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातलं कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. खडकात ते जितकं जास्त काळ मुरतं, तितके त्यात हे क्षार वाढतात. हाच पाण्याचा जडपणा, म्हणजेच कठीणता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येते.

डाळीचं गणित सरळ आहे. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला पाण्यातलं कॅल्शियम घट्ट बांधतं, म्हणून दाणा फुटत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायची घरातली जुनी युक्ती याच कारणाने लागू पडते. साबणाचंही तसंच. पाण्यातलं कॅल्शियम संपेपर्यंत साबण त्याच्याशीच संयोग पावून चिकट मळी तयार करतो आणि फेस त्यानंतर येतो.

घरात उपाय करायचा, तर कठीणता कोणत्या जातीची आहे हे आधी कळायला हवं. बायकार्बोनेटमुळे आलेली कठीणता तात्पुरती. पाणी उकळलं की ती खडूसारख्या भुकटीच्या रूपात खाली बसते. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेली कठीणता उकळून हटत नाही. तिथे धुण्याचा सोडा कामी येतो. म्हणून कपडे भिजवण्याआधी तो पाण्यात विरघळवावा. तुरटीने गढूळपणा जातो, कठीणता नाही.

गिझरमध्ये साठतो तो पहिल्या जातीचा क्षार. पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम तात्पुरती कठीणता असेल आणि घरात रोज १०० लिटर पाणी तापत असेल, तर दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला जवळपास ९०० ग्रॅम क्षार त्या टाकीतून जातो. सगळा तिथे बसत नाही, पण जो बसतो तो कॉइलवर कवच धरतो, उष्णता अडवतो आणि वीजबिल वाढवतो. पाणी जितकं कडक तापवावं तितकं हे कवच वेगाने वाढतं. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय आहे. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडाही ठरावीक काळाने तपासून घ्यायला हवा. टाकीऐवजी तो झिजत असतो.

बुजलेल्या शॉवरसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढरं व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी घ्यावं, शॉवरचं तोंड त्यात बुडवून पिशवी रबराने बांधावी. थोड्याच वेळात बारीक बुडबुडे उठू लागतात. आम्लाने क्षार फुटून निघणारा तो कार्बन डायऑक्साइड. बाथरूम साफ करायचं जहाल ॲसिड मात्र नळांवर ओतू नये, त्याने मुलामा जातो. आणि ब्लीचमध्ये तर ते कधीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा विक्रेता टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, तेव्हा सावध राहायला हवं. तो आकडा विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज असतो, एकट्या कठीणतेचा नव्हे. अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात भूजल खारट आहे. तिथे मीटरचा आकडा मोठा दिसला, तरी तो खारटपणा सॉफ्टनरने जात नाही. कठीणता मोजायला थेंबांची चाचणी मिळते. नमुन्यात रंगद्रव्य टाकलं की पाणी लालसर होतं, मग थेंब मोजत द्रावण घालायचं आणि रंग निळा झाला की थांबायचं. सविस्तर तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते.

सॉफ्टनरच्या पिंपात खसखशीएवढे रेझिनचे मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. २५ लिटर रेझिन ५०० मिलिग्रॅम कठीणतेचं साधारण अडीच हजार लिटर पाणी मऊ करतं. मग तीन-चार किलो मिठाच्या द्रावणाने ते पुन्हा ताजं करावं लागतं. इतकं कठीण पाणी मऊ झालं, की त्यात लिटरमागे सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियमची भर पडलेली असते. म्हणून स्वयंपाकाचा आणि पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढलेला बरा, विशेषतः घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल तर. मणी धुतलेलं खारं पाणी झाडांना घालणं हा तर बागेवर अन्याय आहे.

पिण्यासाठी आरओ कठीणता काढतो, पण बरंच पाणी वायाही घालवतो. धरणाचं मृदू पाणी येणाऱ्या घरात तो लावण्याची गरज नसते. पाइपवर बसवायच्या चुंबकाने तर पाण्यातून कॅल्शियम बाहेर पडतच नाही. आधी आणि नंतर थेंबांची चाचणी केली की आकडा तोच येतो. मुतखड्याची भीती दाखवूनही बरीच यंत्रं खपवली जातात. कठीण पाण्यानेच खडे होतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे.

सगळ्यात मृदू पाणी मात्र दरवर्षी छतावर पडतं. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ८० टक्के हाती लागला, तरी ४८ हजार लिटर होतात. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं गाळून झाकलेल्या टाकीत घ्यायचं. गिझर आणि धुणं यांसाठी रोज ३०० लिटर काढलं, तर ते १६० दिवस पुरतं. टाकीला जागा नसेल, तर तेच पाणी गाळणखड्ड्यातून बोअरभोवती जिरवता येतं. कठीणता किती उतरली ते पुढच्या उन्हाळ्यात थेंबांच्या चाचणीने पाहता येतं.