घरच्या वाडींतील कोबी

वसई तालुक्यांतील आमचें वटार हें वाड्यांचें गांव. केळी, नारळी, पानवेली यांचें कौतुक आमच्याकडे पिढीजात. कोबीला मात्र अद्याप पाहुण्याचाच मान. वास्तविक त्याचें नांव जुन्या ओळखीचें आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. ते गेले, पण त्यांचे कांहीं शब्द आपल्या स्वयंपाकघरांत राहिले. बटाटा त्यांतलाच, आणि कोबीही.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं विहिरीलगत चार वाफे काढून कोबी लावला. पहिल्या वर्षीं रोपें लावलीं तीं फाल्गुनांत. पानें हातभर वाढलीं, गड्डा कांहीं धरेना. कोबी हें थंडीचें पीक, असें मुलांना जन्मभर सांगणारा मास्तर स्वतःच्या वाडींत तें विसरला! आतां नवरात्रांत बीं पेरतों आणि रोप चार-पांच आठवड्यांचें झालें म्हणजे एकेक हाताच्या अंतरानें लावतों. ‘गोल्डन एकर’ ही लवकर येणारी जात; लावणीनंतर सुमारें दोन महिन्यांनीं ती काढणीस येते. बीं मात्र दरसाल विकतच आणावें लागतें. ह्या जातीला फुलोरा येण्यास कित्येक आठवड्यांची कडक थंडी हवी, ती कोंकणांत कोठली? कुलूच्या खोऱ्यासारख्या थंड प्रदेशांत तें बीं धरतें.

वाफ्यांच्या कडेनें मी मोहरी पेरतों. कोबी पोखरणाऱ्या अळीचा पतंग मोहरीकडे अधिक ओढला जातो. अळ्या दिसतांच मोहरी उपटून नष्ट करावी. ताटांत येणाऱ्या गड्ड्यावर विषारी औषध मारण्याची पाळी सहसा येत नाहीं.

एकदां मी आठवडाभर परगांवीं होतों. परत आल्यावर सुकलेले वाफे पाहून जीव हळहळला, आणि एकाच दिवशीं भरपूर पाणी सोडलें. तिसऱ्या दिवशीं निम्मे गड्डे उकललेले! मुळांनीं एकदम पाणी ओढलें, आंतलीं पानें फुगलीं, बाहेरचीं ताणलीं जाईनात. तयार गड्डा लगेच काढावयाचा नसेल तर झाड हलकेंच अर्धा वेढा पिळावें. कांहीं मुळें तुटून पाण्याची ओढ कमी होते.

परंतु खरी चिंता विहिरीची. समुद्रकांठीं गोडें पाणी जड अशा खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. रहाट होता तेव्हां उपसा जनावराच्या चालीनें होई; विजेच्या पंपाला दम लागत नाहीं, आणि उपसा फार झाला कीं खालचें खारें पाणी वर चढतें. दोन वर्षांपूर्वीं चैत्रांत माझ्या विहिरीचें पाणी मचूळ लागलें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तेव्हांपासून पंप सकाळीं अर्धाच तास चालवितों, वाफ्यांवर पेंढा पसरतों आणि शेजाऱ्यांनाही तसें विनवितों. कारण विहिरी निरनिराळ्या असल्या तरी जमिनीच्या पोटांतलें पाणी एकच.

आतां भाजी. कोबींत गंधकयुक्त द्रव्यें असतात. फार शिजविल्यास उग्र दर्प सुटतो तो त्यांचाच. म्हणून भिजविलेली हरभऱ्याची डाळ मोहरी, हिंग, मिरचीच्या फोडणींत आधीं वाफवून घ्यावी, बारीक चिरलेला कोबी मागाहून घालावा व किंचित् करकरीत असतांनाच उतरावा. मीठ अगदीं शेवटीं, नाहीं तर पाणी सुटतें. वर ओलें खोबरें. हळद घालावी कीं नाहीं, ह्याविषयीं आमच्या घरांत चाळीस वर्षें मतभेद आहे. मी नको म्हणतों. भाजी पिवळीच होते.