गव्हाचा मामा

घरचा मामा भाच्यासाठीं खाऊ आणतो. शेतांतला एक मामा मात्र भाच्याच्याच तोंडचा घांस काढतो. पंजाब-हरियाणांत गव्हांत माजणाऱ्या एका गवताला तेथील शेतकरी ‘गेहूं का मामा’ म्हणतात. ‘मंडूसी’ व ‘गुल्ली-डंडा’ हींहि त्याचींच नांवें. वनस्पतिशास्त्रांत तें फॅलॅरिस मायनर. मूळचें भूमध्य समुद्राकडील हें परकें गवत एकाच हंगामांत उगवून, बीं टाकून मरतें. नांगरलेली ओलसर जमीन त्याला फार मानवते.

गेल्या पौषांत मी कर्नालजवळ पुतण्याकडे होतों. बांधावर एका वृद्ध शेतकऱ्यानें दोन रोपें हातीं देऊन विचारलें, “मास्टरजी, यांतला गहूं कोणता?” जन्मभर मुलांच्या चुका काढणारा मी नेमकें चुकीचें रोप दाखवून मोकळा झालों!

मग त्यानें खुणा दाखविल्या. गव्हाचें पान खोडाला मिळतें तेथें दोन इवलेसे ‘कान’ खोडाला बिलगलेले असतात. मामाला कान नाहींत. त्याजागीं पांढरट, पातळ, लांबट पापुद्रा असतो. त्याचा बुंधा जमिनीलगत तांबूस असतो व मोडला असतां लालसर रस येतो. गव्हाचें तसें नाहीं.

वसंत आला म्हणजे कावळा कोणता व कोकिळ कोणता हें कळतें, असें सुभाषितकार म्हणतात. येथें वसंताची वाट पाहणें परवडत नाहीं. विटीसारखा आखूड, भरीव तुरा आला कीं मामाला पोरहि ओळखील. पण तोंवर त्यानें खत-पाणी फस्त केलेलें असतें. शिवाय गव्हाच्या कापणीआधींच त्याचें बारीक, चकचकीत बीं मातींत गळतें व पुढील पेरणीची वाट पाहतें.

औषधावर विसंबावें, तर तेंहि फसतें. आयसोप्रोट्युरॉन हें एकच औषध वर्षानुवर्षें फवारल्यामुळें १९९० नंतर थोड्याच वर्षांत हरियाणांतील मंडूसी त्याला जुमानेनाशी झाली. न नांगरतां केलेल्या पेरणींत ती कमी उगवते, हा अनुभव आहे. कारण जमीन कमी हालते. तरी स्वच्छ बियाणें वापरणें आणि तुऱ्यापूर्वीं ओळखून उपटणें चुकत नाहीं.

निघतांना म्हाताऱ्यानें पुन्हा दोन रोपें पुढें केलीं. या वेळीं उत्तर देण्यापूर्वीं मीं दोहोंचे बुंधे मोडून पाहिले.