आधी पार्किंग, मग गाडी

पहाटे 5

शेळगावात एवढ्या लवकर चहासुद्धा मिळत नाही. गॅरेजचं शटर अर्धं वर करून पिशवी भरतो. टॉर्च, मापाची टेप, कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, स्कॅनर आणि गाडीखाली झोपायला जुनं पोतं. जुनी गाडी बघायला पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो, म्हणून त्या दिवशी गॅरेज पोराच्या भरवशावर.

आप्पा वेळेआधीच हजर. डाळिंबाचे पैसे झालेत. थोरली लेक हडपसरला राहते, मगरपट्ट्यात नोकरीला आहे, कॅबला वैतागलीय. तिला जुनी, छोटी एसयूव्ही हवी. आप्पांना डिझेलची हवी.

"मिस्त्री, गाडीनं ॲव्हरेज दिलं पाहिजे."

"रोज किती चालणार, आप्पा?"

"जाऊन-येऊन चौदा-पंधरा किलोमीटर."

मी काही बोललो नाही. पुणं अजून लांब होतं आणि आप्पांशी वाद हप्त्याहप्त्यानंच घालावा लागतो.

सकाळी 6:30

लासुर्णे, बारामती मागं टाकून पाटसच्या दिशेनं. पालखी मार्गाचं काम झाल्यापासून हा रस्ता सुधारलाय, बोलायला उसंत मिळते. आप्पांनी विचारलं, एसयूव्ही म्हणतात तर मग एवढी आखूड का? म्हटलं, सरकारच्या करानं आखूड केलीय. लांबी 4 मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं 1200 सीसी किंवा डिझेलचं 1500 सीसीपर्यंत असलं तर कर कमी. म्हणूनच आज बघायच्या तिन्ही जुन्या गाड्या घ्या, ब्रेझा 3,995 मिलिमीटर, व्हेन्यू 3,995, नेक्सॉन 3,994. सगळ्यांनी अगदी वेशीवर येऊन गाडी कापलीय.

हा कर 22 सप्टेंबर 2025 पासून आणखी उतरला, जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. एकट्या नेक्सॉनची किंमत 1 लाख 55 हजारांपर्यंत कमी केल्याचं टाटांनी जाहीर केलं. नवी उतरली की जुनीनंही उतरायलाच हवं, पण विकणारे अजून त्याआधीचे भाव सांगतात. हा मुद्दा आप्पांना दोनदा घोकून घ्यायला लावला. संध्याकाळी तो कामाला येणार होता.

सकाळी 8:30

हडपसर. ताईनं पोहे केले होते. पोहे झाल्यावर म्हटलं, ताई, आधी पार्किंग दाखवा.

"मिस्त्रीकाका, गाडीच नाही तर पार्किंग कशाला?"

लोकांचं इथंच चुकतं. गावात गाडी वाड्यापुढं, झाडाखाली, कुठंही लागते. शहरात गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभीच असते, त्यामुळं तिच्या उभं राहण्याची सोय आधी बघायची. ताईची जागा तळमजल्यावर, डाव्या अंगाला खांब, उजवीकडं शेजाऱ्याची मोठी गाडी. टेप लावली. लांबीचा प्रश्न नव्हता, रुंदीचा होता. तिन्ही गाड्या लांबीला सारख्या, पण व्हेन्यू 1,770 मिलिमीटर रुंद, ब्रेझा 1,790, नेक्सॉन 1,811. फरक म्हटलं तर दोन बोटांचा. पण खांब आणि आरसा यांच्यामध्ये रोज रात्री ही दोन बोटं मोजावी लागतात. ताईनं ते माप फोनमध्ये लिहून घेतलं. आप्पा खांबाकडं असे बघत होते, जणू तो बिल्डरनं त्यांच्या बांधावर रोवलाय.

सकाळी 10

पहिली गाडी एका डीलरच्या यार्डात. 2018 ची ब्रेझा, डिझेल. इंजिन सुरू करू नका असं काल फोनवर सांगितलं होतं. बॉनेटवर हात ठेवला, गार. चांगली खूण. गरम इंजिन सगळंच लपवतं. गार इंजिनाचा पहिला धूर आणि पहिली खडखड खरं बोलते.

गाडी खरोखर चांगली निघाली आणि हीच अडचण झाली. दाराचं रबर ओढून आतली कड बघितली, कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके एका ओळीत, जागच्या जागी. फेंडरच्या बोल्टांवरचा रंग शाबूत, म्हणजे पाना लागलेला नाही. टायरवर शेवटचे चार आकडे 1418, म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा. गाडीसोबत आलेले टायर. बदलायला झालेत, पण किलोमीटरचा आकडा खरा असावा. नवी एचएसआरपी नंबरप्लेट मात्र लागलेली नव्हती. 1 एप्रिल 2019 आधीच्या गाडीला महाराष्ट्रात ती लावून घ्यावी लागते. आप्पांनी टोकनचे पैसे खिशातून जवळजवळ काढलेच.

त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, हे फियाटकडून आलेलं 1.3 चं इंजिन, मजबूत आहे, तुम्हाला अकलूज-पंढरपूर करायला मी डोळे झाकून देईन. पण ताईंची एका वेळची धाव सात किलोमीटर. तेवढ्यात डिझेल इंजिन नीट तापतसुद्धा नाही. टर्बो जोर धरतो तोवर पुढचा सिग्नल येतो. उद्या इंजेक्टर नाहीतर टर्बोचं काम निघालं की ॲव्हरेजमधून वाचलेलं सगळं एका बिलात जाईल. आणि एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 डिझेल घ्याल तर तिच्यात काजळी धरणारी जाळी असते. ती साफ व्हायला मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवावी लागते. मगरपट्ट्याच्या गर्दीत ती कुठं पळवणार?

आप्पा म्हणाले, "मग आमच्या उसाचं इथेनॉल घातलेलं पेट्रोल चालेल होय?" चालतं, पण ॲव्हरेज थोडं कमी होतं आणि 2023 आधीच्या गाडीची इंधनाची रबरी नळी दर सर्व्हिसिंगला बघायची. आपलाच ऊस आपल्याच टाकीत, असं म्हणून ते हसले. डिझेलचा विषय तिथं निम्मा मिटला.

दुपारी 12

दुसरी गाडी 2019 ची नेक्सॉन, पेट्रोल. ताईची ही पहिली पसंती. रांजणगावला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात बनते आणि डिसेंबर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. भाव मात्र बाजारापेक्षा फारच कमी. भाव असा कमी दिसला की मी सीटबेल्टकडं जातो.

चालकाचा पट्टा शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग स्वच्छ, धुतलेला. अगदी तळाशी, जो भाग एरवी कधी बाहेर येत नाही, तिथं मातकट रेघ. सीटच्या रुळाखाली टॉर्च मारला, बोल्टांवर लाल गंज. डिकीतलं स्टेपनीचं खोलगट भांडं नव्यानं रंगवलेलं. आत लिंबाच्या सुगंधी बाटलीचा घमघमाट. जुलै 2024 मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं, त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये आंबील ओढ्याला पूर आला. हिला कुठल्या पाण्यानं धरलं कोण जाणे, धरलं एवढं खरं. पाण्यात बसलेल्या गाडीची वायरिंग दोन पावसाळे गप्प बसते आणि नंतर एकेक दिवा बंद पडत जातो. मालकाला काही बोललो नाही. "कळवतो" म्हटलं आणि निघालो.

दुपारी 2

जेवण. ताई नाराज, आप्पा भुकेले. यापुढं सांगण्यासारखं काही नाही.

दुपारी 3:30

तिसरी गाडी 2020 ची व्हेन्यू, 1.2 पेट्रोल, साधे हातगियर. एकच मालक, सोसायटीत राहणारे. ते स्वतः खाली आले आणि सर्व्हिसिंगची बिलं ओळीनं मांडली. हा माणूस गाडी सांभाळतो हे बिलांच्या फाईलवरूनच कळलं. ऑइलचं झाकण काढून बघितलं, आत लोण्यासारखी पांढरी साय नाही. स्कॅनर लावला, जुनी चूक साठलेली नाही. पुढच्या बंपरला घासल्याचा डाग, तो शहराचा प्रसादच.

दोष निघाला क्लचमध्ये. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला. गाडी झटकन बंद पडायला हवी, ही कण्हत कण्हत बंद पडली. ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर चालवलेली गाडी. भाव तोडायला हे पुरे होतं, सौदा मोडायला नव्हे. ताईला चालवायला दिली. चढावर मागं न घसरता उचलली, रिव्हर्समध्ये गल्लीत वळवली. माझ्यापेक्षा जास्त वेळ तिनं आरसे बघितले.

संध्याकाळी 5

आप्पा आता रंगात आले. सकाळचा जीएसटीचा मुद्दा त्यांनी असा टाकला की जणू ते कौन्सिलच्या बैठकीतून उठून आलेत. मग क्लच, मग टायर. शेवटी मालक क्लचच्या खर्चाइतके खाली आले.

टोकन देण्याआधी कागद. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला. चलन बाकी नाही, विमा चालू, पण आरसीवर अजून बँकेचा बोजा. कर्ज फिटलंय म्हणाले, मग बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. तो हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम द्यायची नाही. फॉर्म 29 आणि 30 वर आजच दोघांच्या सह्या. मालकांना म्हटलं, नाव लवकर उतरवून घेण्यात फायदा तुमचाच. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये सांगितलंय की गाडी विकली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. ते चटकन तयार झाले. विम्याचा नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, ताईंना मिळत नाही. ते गणित भावात धरलेलंच होतं. विमाही चौदा दिवसांत ताईंच्या नावावर करायला सांगितला.

आप्पांना गाडी स्वतःच्या नावावर, शेळगावच्या पत्त्यावर हवी होती. म्हणजे बारामतीचं आरटीओ. ताईंनी ठाम सांगितलं, "नाव माझं, पत्ता पुण्याचा." चालवणार त्या, चलन येणार त्यांच्या फोनवर. मीही त्यांच्याच बाजूनं बोललो.

रात्री 10

अंथुर्णे ओलांडताना मालकांचा फोन आला, एनओसीला बँकेनं आठ दिवस सांगितलेत. म्हटलं, चालेल, तोवर गाडी तुमच्याच पार्किंगमध्ये राहू द्या. क्लचप्लेट बारामतीतून मागवून ठेवायची, ते काम शेळगावात होईल. ताई त्यानंतरच्या शनिवारी गाडी घेऊन येतील. आप्पांनी त्याच दिवशी पूजेला गुरुजी सांगून ठेवलेत. क्लच आधी की पूजा आधी, एवढं ठरायचं राहिलंय.