परागाची भिंत, वेळेची किल्ली

जास्वंदीच्या मधल्या दांड्यावर जे पिवळे ठिपके असतात, ते तिचे परागकोश. उमललेल्या फुलातला एक ठिपका भिंगाखाली धरला, की उसवलेली शिवण आणि तिच्यातून बाहेर आलेले काटेरी, गोल परागकण दिसतात. ही शिवण आपोआप उसवत नाही. परागकोशाच्या त्वचेखालच्या थरातल्या पेशी आपल्या भित्तिकांवर लिग्निन आणि सेल्युलोजच्या जाड पट्ट्या चढवतात. कोश सुकू लागला की या पट्ट्यांमुळे पेशी सगळीकडून सारख्या आकसत नाहीत, ताण येतो आणि शिवण फाटते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात ‘एमवायबी२६’ हे नियामक प्रथिन, म्हणजे इतर जनुकांना कामाला लावणारे प्रथिन, बिघडले तर पट्ट्याच तयार होत नाहीत. पराग निकोप असतो, पण कोंडलेला राहतो आणि झाड वांझ ठरते.

म्हणून ‘पराग खराब, म्हणून वांझपण’ हे सोपे उत्तर मला अपुरे वाटते. निर्णायक आहे ती भिंत, आणि त्याहून तिची वेळ. वेळेचे महत्त्व परागाभोवतीच्या दुसऱ्या एका भिंतीत दिसते: कोवळे परागकण आधी चार-चारांच्या गटात कॅलोज नावाच्या बहुशर्करेच्या वेष्टनात असतात. अरॅबिडॉप्सिसमध्ये हे वेष्टन बनवणारे जनुक ‘एआरएफ१७’ हे नियामक प्रथिन चालू करते. पुढे भोवतालचा पोषक थर विकर सोडून ते विरघळवतो. १९९२ मध्ये तंबाखूच्या रोपांत संशोधकांनी कॅलोज विरघळवणारे विकर मुद्दाम लवकर तयार करवले. वेष्टन अकाली विरघळले, परागाचे कवच बिघडले आणि नर-वंध्यत्व आले. विकराचे काम तेच होते; चुकली होती वेळ.

यावर कोणी म्हणेल की एकट्या प्रथिनाला एवढे श्रेय कशाला? आक्षेप रास्त आहे. जास्मोनिक आम्ल हे संप्रेरक बनवू न शकणाऱ्या रोपांचे परागकोशही वेळेवर उघडत नाहीत, आणि कळ्यांना ते बाहेरून दिले तर बी धरते. नियामक प्रथिन हुकूमशहा नव्हे, साखळीतली एक कडी आहे. पण उघडण्याचा इशारा मिळूनही फाडणारी भिंतच नसेल, तर कोश फाटणार कसा? दुसरा आक्षेप असा, की एका रानटी रोपाच्या अभ्यासाचा शेतीला काय उपयोग? परागकोशाचा पोषक थर घडवणाऱ्या अरॅबिडॉप्सिसच्या ‘एएमएस’ प्रथिनाचे भावंड भातात ‘टीडीआर’ या नावाने सापडले आहे, आणि ते बिघडले की भाताचाही पराग जगत नाही. ही यंत्रणा एका रोपापुरती नाही.

निकोप पराग कोंडून ठेवणारे झाड बियाणे उत्पादकाला विशेष मोलाचे, कारण ते स्वतःच्या परागाने फळत नाही आणि वाण टिकवायचा तर कोश हाताने फोडून तोच पराग वापरता येतो. जास्वंदीच्याच कुळातल्या कापसाला याची मोठी गरज आहे. १९७० मध्ये आलेल्या ‘एच-४’ या संकरित वाणापासून आजवर आपल्याकडे संकरित कापसाचे बियाणे बहुतांशी हातानेच तयार होते: संध्याकाळी कळीतले पुंकेसर खुडायचे आणि दुसऱ्या सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा.