बॅटरी घेता, पण आत काय आहे ते पाहता का?

मैत्रिणींनो, रात्रीची लाईन आली की मोटार सुरू करायला वावरात कोण जाते? घरचा माणूस बाहेरगावी असला तर आपणच जातो. आंबिया बहाराची फळं झाडावर असताना उन्हाळ्यात पाण्याचा खंड पडून चालत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी डब्यावर ‘५० वॉट’ लिहिलेली नवी बॅटरी घेऊन निघाली. पाऊण तासात तिचा उजेड काजव्याएवढा झाला. तेवढ्यात धुऱ्यावर पायापुढं काहीतरी सळसळलं. साप होता की नुसता पाचोळा, ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती बॅटरी एका मिस्त्रीकडून खोलून घेतली. आत एक ४ व्होल्टची शिशाची डबी, एक एलईडी आणि एक बारीकसा रेझिस्टर. बस्स, एवढंच. मिस्त्री म्हणाला, “ताई, यात ड्रायव्हरच नाही.”

ड्रायव्हर म्हणजे एसटीचा नव्हे बरं! सेल आणि एलईडीच्या मध्ये जी गोल पट्टी बसते, तिला ड्रायव्हर म्हणतात. एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. त्याच्यावर व्होल्ट थोडे वाढले तरी करंट भलताच वाढतो आणि एलईडी तापून खराब होतो. व्होल्ट थोडे उतरले की उजेड लगेच पडतो. आपल्या ठिबकचंच पाहा ना. साध्या ड्रिपरमधून दाब असेल तसं कमीजास्त पाणी पडते. दाब सांभाळणारा ड्रिपर चढावर असो की उतारावर, सारखंच पाणी देतो. रेझिस्टर हा साधा ड्रिपर समजा, आणि चांगला ड्रायव्हर हा दाब सांभाळणारा.

पुष्कळ बॅटऱ्यांत ७१३५ नावाची चिप असलेला ड्रायव्हर असतो. अशी एक चिप ३५० मिलीअँपिअर करंट धरून ठेवते, म्हणजे एलईडीला साधारण १ वॉट मिळतो. त्याच्यासोबत १८६५० मापाचा २५०० मिलीअँपिअर-तासाचा लिथियम सेल असला, तर जवळपास ७ तास उजेड टिकतो. रात्रभराचं ओलीत त्यात होऊन जाते. जास्त उजेड पाहिजे तर चिपा जास्त, पण मग तास कमी. एक सेल आणि एक एलईडी असेल तर असा साधा ड्रायव्हर पुरतो. दोन सेल एकापुढे एक लावले तर व्होल्ट दुप्पट होतात. तिथं व्होल्ट उतरवून देणारा, बक जातीचा ड्रायव्हर लागतो, नाहीतर वरची वीज नुसती उष्णतेत जाते.

आता त्या ५० वॉटचा हिशोब करू. आपण गटाच्या वह्या लिहितो, आपल्याला काय अवघड आहे? ३.७ व्होल्ट गुणिले २.५ अँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये सव्वानऊ वॉट-तास वीज. खरोखर ५० वॉट ओढले तर ११ मिनिटांत सेल रिकामा होईल, आणि साधा सेल एवढा करंट देतही नाही. म्हणजे डब्यावरचा तो आकडा निव्वळ थाप होती.

एलईडीचंही तसंच. संत्र्याची जशी प्रतवारी होते, तशी एकाच कारखान्यातल्या एलईडींची उजेडावर आणि रंगावर प्रतवारी करतात. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘टी६’ छापलेलं दिसते. ते मॉडेलचं नाव नव्हे, एक्सएम-एल नावाच्या एलईडीची उजेडाची प्रत आहे. आत खरोखर तोच माल आहे की नाही, ते छपाईवरून समजत नाही.

रंगाकडे मात्र जरूर लक्ष द्या. ६५०० केल्व्हिनचा निळसर उजेड डोळ्यांत भरतो, म्हणून दुकानात तोच आवडतो. पण त्यात वाळलेला पाला, माती आणि सापाची कातडी एकसारखी दिसते. ४००० ते ५००० केल्व्हिनचा, रंग नीट दाखवणारा एलईडी घेतला तर तपकिरीतला फरक कळतो. झाडाच्या बुंध्याला डिंक आला असेल तर तोही दिसतो. माझं मत विचाराल तर उजेड थोडा कमी असला तरी चालेल, पण रंग खरा दिसला पाहिजे. उजेडाचा झोत किती लांब जातो, त्याचं आपल्याला फारसं काम नाही. पायापुढची दहा पावलं स्वच्छ दिसली म्हणजे झालं.

एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला आणि पट्टी धातूच्या अंगाला टेकलेली असावी. दुकानात दहा मिनिटं लावून ठेवा. जोरदार उजेडाची बॅटरी बाहेरून कोमट लागली तर समजा, उष्णता बाहेर येत आहे.

असं काम बायांना जमते का, असं कोणी म्हणालं तर वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्याचं नाव सांगा. तिथं कवठा झोपडी इथं बचत गटाच्या बायांनी आयआयटी मुंबईकडून शिकून सोलर पॅनेलचा कारखाना चालवला. त्यापुढं बॅटरीला डाग देऊन ड्रायव्हर बदलणं म्हणजे चार तारांचं काम.

फक्त एक धोका ध्यानात ठेवा. भिंतीच्या सॉकेटमध्ये सरळ खोचायच्या पिना असलेल्या स्वस्त बॅटरीत बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मर नसतो. चार्जिंग सुरू असताना तिच्या आतल्या तारांत घरातली २३० व्होल्टची वीज खेळत असते. ती चार्जिंगवर असताना लावू नका, फुटलेली असेल तर हातही लावू नका, आणि लेकरांच्या हाती तर अजिबात देऊ नका. खोलायची असली तर आधी सॉकेटमधून काढून बाजूला ठेवा. माझी ती ५० वॉटवाली आता गटाच्या बैठकीत असते, आतून कशी दिसते ते दाखवायला.