बाळ पोटाशी, हात मोकळे. पण पिशवी कोणती?

सुटीत गावी निघालेले घाटकोपरचे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आईच्या खांद्याला दुपटी-बाटल्यांची बॅग, एका हातात मोठ्या मुलाचे मनगट आणि कडेवर सहा-सात महिन्यांचे बाळ. लोकल फलाटावर थांबते ती जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात फलाट आणि फूटबोर्ड यांमधील पोकळी ओलांडून आत शिरायचे, तर दांडा धरायला एक हात मोकळा हवाच. बाबागाडी मेट्रोच्या लिफ्टमधून नेता येते. मात्र रेल्वेच्या पुलावर आणि लोकलच्या गर्दीत तिची अडचणच अधिक. त्यामुळे उपनगरांतील तरुण आई-वडिलांच्या अंगावर आता बेबी कॅरिअर, म्हणजेच दुकानदारांच्या भाषेतील 'कांगारू बॅग', सर्रास दिसू लागली आहे. ती विकत घेताना रंग, खिसे आणि किंमत पाहिली जाते. बाळ तिच्यात कसे बसते, हे पाहणे मात्र बहुधा राहून जाते.

मूल अंगाशी बांधून वावरणारी स्त्री मराठी माणसाला नवी नाही. पाठीशी दामोदररावांना बांधलेली, घोड्यावर स्वार झाशीची राणी प्रत्येकाने चित्रात पाहिलेली असते. (दामोदररावांचे दत्तकविधान १८५३ मधील, म्हणजे १८५८ मध्ये ते तान्हे नव्हते. चित्रकारांनी ते फारसे मनावर घेतलेले नाही.) बाजारातील आधुनिक कॅरिअरचा उगमही अशाच परंपरेत आहे. अ‍ॅन मूर या अमेरिकी परिचारिकेने १९६० च्या दशकात आफ्रिकेतील टोगो देशात पाठीशी मुले बांधून काम करणाऱ्या स्त्रिया पाहिल्या आणि मायदेशी परतल्यावर 'स्नगली' नावाची पिशवी तयार केली. तिचे पेटंट १९६९ चे आहे.

आजीच्या कडेवर बसलेले मूल नीट पाहिले, तर चांगल्या कॅरिअरची पहिली कसोटी आपोआप कळते. त्याच्या मांड्या फाकलेल्या असतात, गुडघे ढुंगणापेक्षा किंचित वर असतात आणि भार मांड्यांवर विसावलेला असतो. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. तान्हेपणी ही उखळ कोवळी व उथळ असते आणि मांडीच्या हाडाचे डोके तिच्यात नीट बसलेले राहण्यासाठी हीच बैठक हितावह मानली जाते. 'इंटरनॅशनल हिप डिसप्लेझिया इन्स्टिट्यूट' ही संस्थाही इंग्रजी 'एम' अक्षरासारख्या याच बैठकीची शिफारस करते. मुलांना फळीवर पाय सरळ बांधून ठेवण्याची प्रथा असलेल्या अमेरिकेतील नवाहो जमातीत खुबा निखळण्याचे प्रमाण मोठे आढळले होते. आपल्याकडच्या अनेक स्वस्त पिशव्यांची बैठक मात्र चार बोटांएवढी अरुंद असते. तीत बाळ मांड्यांवर बसत नाही, जांघेवर लोंबकळते. निरोगी सांध्याला त्याने इजा होतेच असे नाही. पण जन्मतः खुबा सैल असलेल्या किंवा पायाळू जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी पिशवी घेऊ नये. सोपा नियम असा, की कापडाचा आधार एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

दुसरी कसोटी श्वासाची, आणि ती जिवावरची आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये स्लिंगविषयी इशारा दिला. आधीच्या वीस वर्षांतील किमान १४ मृत्यू त्यात नोंदले होते आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांहून लहान होती. त्याच महिन्यात 'इन्फन्टिनो' कंपनीने सुमारे दहा लाख स्लिंग परत मागविले. कारण साधे आहे. मान न धरलेले बाळ खोल पिशवीत मुटकुळे होऊन बसले, की त्याची हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दुमडते. किंवा नाक कापडात दबते. अशा वेळी बाळ रडतही नाही. म्हणून बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटीखाली दोन बोटे मावली पाहिजेत आणि मान झुकवून त्याच्या टाळूची पापी घेता येईल इतके ते उंच असावे. पिशवीतच अंगावर पाजत चालणे टाळावे. पावसाळ्यात बाळासकट स्वतःवर रेनकोट चढवून चेन वरपर्यंत ओढण्याची सवय अनेकांना असते. तीही घातक आहे. त्यापेक्षा छत्री बरी.

वजनाचा मुद्दा भारतीय पालकांसाठी वेगळा ठरतो. अनेक परदेशी कॅरिअर साडेतीन किलोंच्या पुढच्या बाळासाठी असतात. आपल्याकडील नवजात बाळाचे सरासरी वजन मात्र २.८ किलोंच्या आसपास आहे. तेव्हा 'जन्मापासून' या शब्दावर न जाता लेबलवरील किमान वजन वाचावे. 'एएसटीएम एफ २२३६' किंवा 'ईएन १३२०९' हे मानक लेबलवर असल्यास उत्तम. ('कांगारू मदर केअर' ही कमी वजनाच्या बाळांसाठीची, त्वचेला त्वचा लावून ऊब देण्याची उपचारपद्धती आहे. तिचा या बॅगेशी नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.)

प्रकारांचे म्हणाल, तर लांब कापडाचा रॅप तान्ह्याला छान लपेटतो. पण त्याचे पाच मीटर कापड अंधेरीच्या पुलावर सोडून पुन्हा बांधून दाखवावे! रिंग स्लिंग झटपट चढतो, भार मात्र एकाच खांद्यावर येतो. प्रवासासाठी रुंद कमरपट्ट्याचा, बकलचा कॅरिअर सोयीचा. कारण बाळाचे वजन खांद्यांऐवजी कमरेवर जाते. मुंबईच्या दमट हवेत जाड फोमपेक्षा सुती किंवा जाळीदार कापड घ्यावे. पट्टे आजी-आजोबांच्या अंगालाही बसतील असे असावेत. आणि दुकानात बाळाला घेऊन, साडी नेसत असल्यास साडीवरच, निदान दहा मिनिटे फिरून पाहावे.

गर्दीत बाळ पुढेच, आईकडे तोंड करून असावे; पाठीवरच्या बाळावर रेटा आला तर कळत नाही. अर्थात पुढच्या बाळामुळे स्वतःची पावले दिसत नाहीत, म्हणून जिन्यावर कठड्याचा आधार घ्यावाच. बाळाने मान पक्की धरली आणि आधाराने बसू लागले, की सहा महिन्यांनंतर पाठीवर घेता येते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांच्या खडकात खोदलेल्या पायऱ्या किंवा घारापुरीच्या सुमारे १२० पायऱ्या चढताना हा प्रकार सोयीचा पडतो.

कॅरिअर कोठे चालत नाही, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. दुचाकीवर तो सुरक्षेचे साधन ठरत नाही. फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. हा पट्टा वेगळा असतो. मोटारीत १४ वर्षांखालील मुलांना सीटबेल्ट किंवा बालआसन बंधनकारक असून त्याच्या उल्लंघनास एक हजार रुपये दंड आहे. पुढच्या आसनावर, पोटाशी बांधलेले बाळ अपघातात मोठ्या माणसाच्या शरीराखाली चिरडले जाऊ शकते. विमानात उड्डाण व उतरण्याच्या वेळी बाळाला कॅरिअरमधून काढून मांडीवर, जादा पट्ट्याने बांधण्यास सांगितले जाते. सुरक्षा तपासणीतही ते बाहेर काढावे लागू शकते. बाळ झोपेत असताना एका हाताने, आवाज न करता उघडणारे बकल आहे का, हे त्यासाठी दुकानातच तपासून घ्यावे.